गनीची खोड

नेरच्या बसस्टँडामागं आमची आणि गौहरबीची भिंत एकच. गौहरबी गोधड्या शिवायची. तिच्याइतका बारीक टाका गावात कोणाचा नव्हता, हे मी गोधड्या शिवणाऱ्या माझ्या नणंदेच्या तोंडावरही सांगेन. नवरा अय्यूब सायकली दुरुस्त करायचा. एकुलता एक गनी सात वर्षांचा, आणि रोज सकाळी त्याची गोधडी ओली. दिवसाही चड्डी ओलसरच.

गौहरबीनं सगळे उपाय केले. तीळगूळ चारला, दिवेलागणीनंतर पाणी तोडलं. मग मार सुरू झाला. तिचा हात काही मारकुटा नव्हता. आधी ती नवऱ्याला विचारायची, "गनीचे अब्बा, काय करू याचं?" तो सायकल बाहेर काढत म्हणायचा, "खोड हाय. दोन दे, सुटंल." अंगणातून मीही तेच म्हणायचे. आज माझी मलाच लाज वाटते.

बासष्टच्या हिवाळ्यात गनीला ताप भरला, बेंबीखाली टणक गोळा आला आणि लघवी जवळजवळ बंदच झाली. अय्यूबचं आपलं "उद्या पाहू" चाललेलं. शेवटी त्याचा जिवाभावाचा दोस्त, गुलाम नबी न्हावी, आला. गनीची सुंता त्यानंच केलेली. त्यानं पोराला खांद्यावर टाकलं, मागोमाग अय्यूबही निघाला, गौहरबीनं मला सोबत ओढलं आणि आम्ही यवतमाळची बस धरली.

दवाखान्यात नळी घातली तशी बाटली भरत गेली. पोराचा डोळा लागला. डॉक्टर गौहरबीला म्हणाले, "बाई, ही खोड नाही. याच्या लघवीच्या वाटेत जन्मापासून पडदा आहे. लघवी आत तुंबते. वरून सांडते तेवढीच तुम्हाला दिसते. तुंबलेली मागं दाब देते आणि गुर्दे फुगतात. एक जवळजवळ गेलाय. दुसरा वाचवायला नागपूर गाठा." मग विचारलं, "लघवीची धार कधी नीट पडायची का?"

"कोणी पाह्यलंच नाही, साहेब," गौहरबी म्हणाली.

"म्या पाह्यलं होतं," गुलाम नबी म्हणाला. "सुंता केली तवाच. थेंब थेंब येत होतं. तीन वर्सं झाले. म्या अय्यूबले सांगतलं, डॉक्टरले दाखव. हा म्हने दाखवलं, औषध चालू हाय."

अय्यूब भिंतीकडं पाहत होता. एकुलत्या पोरात खोट आहे असं गाव म्हणेल, या धास्तीनं हा बाप तीन वर्षं गप्प बसला. दोस्ताला थाप मारली आणि बायकोला अंधारात ठेवलं. पाणी तोडलं तेव्हा गप्प, मार चालला तेव्हाही गप्प. मला त्याची कॉलर धरावीशी वाटली.

तेवढ्यात गनी जागा झाला. खाटेखालची भरलेली बाटली त्याला दिसली, आणि आई जवळ येताच त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

गौहरबी जागीच थांबली. मग तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली. आमच्याकडं हिंदू काय, मुसलमान काय, बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तिनं चार माणसांत घेतलं.

"अय्यूब, मले माहीत नव्हतं. तुले माहीत होतं."

"भेलो होतो मी," तो म्हणाला.

"गनीबी भेत होता," ती म्हणाली. "मले. अन् तू रोज पाहून राह्यला होता."