जाळी साफ होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवळात गाऱ्हाणं घालतानासुद्धा नाही — तिथे मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत उभी राहिले. आज सांगतेय म्हणजे मला झोप लागत नाही, असं काही समजू नका. छान लागते. पण सात वर्षं एका खोट्यावर ताठ मानेने फिरल्यावर एकदा तरी खरं बोलावं की नको?

आमच्या वाडीतल्या बायकांच्या बचत गटाने छोटा ट्रॅक्टर घेतला होता, मागे गवत कापायचं यंत्र जोडलेला. मालगुंडच्या वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आंब्याच्या बागा आहेत. पाऊस सरला की कलमांमधून कमरेएवढं गवत उभं राहतं, आणि ते वाळायच्या आत कापलं नाही तर कुठून तरी वणवा येतो नि बाग जाते. त्यामुळे नवरात्र संपलं की आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची. प्रशिक्षण माझं झालेलं, लायसन माझं, स्टिअरिंगवर मी. आसपासच्या गावांत ट्रॅक्टर चालवणारी बाई एकच होती, आणि ते मला आवडायचं. का आवडू नये?

सुगंधा माझ्या जोडीला असायची. शेजारच्या घरातली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मला वैनी म्हणायची. तिच्याकडे रेडिएटरचं काम. सड्यावरच्या गवताला कुसळं फार. कापताना ती उडतात आणि रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर जाऊन चिकटतात. जाळी चोंदली की वारा आत जात नाही, वारा नाही गेला की पाणी उकळतं आणि इंजिन तापतं. म्हणून सुगंधा रोज सकाळी इंजिन थंड असताना पाणी बघायची आणि जाळी काढून जुन्या ब्रशने झाडायची. शिवाय काम चालू असताना दर दोन फेऱ्यांनी मी थांबायचं आणि तिने कुसळं काढायची, हा नियम. नियम तिचा होता. प्रशिक्षणात सांगितलं होतं, दिवसातून एकदा साफ करा. सांगणाऱ्याने आमचा सडा कुठे पाहिला होता?

तर त्या दिवशी — सांगते, सांगते, घाई करू नका — त्या दिवशी बागवाला आपल्या गड्यांना घेऊन मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, सावलीत बसला होता. बायका गवत कशा कापतात ते बघायला. आम्ही पहिल्यांदा थांबलो तेव्हा ते नुसते हसले. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा बागवाला आम्हाला ऐकू येईल असं म्हणाला, "बायकांचा ट्रॅक्टर ना तो, घडोघडी दम खानारच!"

तिसऱ्यांदा मी थांबले नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. ऑक्टोबरचं ऊन, उंच गवत, आणि तापमानाचा काटा तांबड्या पट्टीकडे सरकताना मला दिसत होता. सुगंधा बागेच्या दगडी गडग्याच्या कडेने हात हलवत धावत आली. "गो वैनी, थांब! तापला तो! वास येतोय, थांब!" ऐकू आलं नाही, असं मी नंतर सांगितलं. आलं होतं. शब्द न् शब्द आला होता. मी तिच्याकडे बघितलं आणि वेग वाढवला.

रांगेच्या टोकाला वळताना बॉनेटखालून वाफ उसळली, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. मांगराकडून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

हातखंब्याहून मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडलं, चोंदलेली जाळी काढून हातात धरली आणि म्हणाला, इंजिनाचं हेड वाकलंय, हंगाम गेला तुमचा. मग सहज विचारलं, "सकाळी साफ केली नव्हती काय?" सहज हो. त्याला काय ठाऊक, तो मला काय देऊन गेला ते! संध्याकाळी गटाच्या बैठकीत मी एकच वाक्य बोलले — सुगंधाने सकाळी जाळी बघितली नाही.

जाळी साफ होती. सकाळी तिने ती माझ्यासमोर झाडली होती, उन्हाकडे धरून आरपार बघितली होती, आणि "बघ गो, कशी लख्ख झाली" म्हणाली होती. बैठकीतही ती एवढंच म्हणाली, "वैनी, तुझ्यासमोर केली ना मी?"

मी म्हटलं, "मना नाय आठवत."

प्रशिक्षण माझं झालेलं. मग विश्वास कुणावर बसणार? गटाच्या अध्यक्ष काकींनी विषय मिटवला, आणि सुगंधाला पुन्हा कुणी यंत्राजवळ बोलावलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बिचारी, पुरुषांनी हिणवलं म्हणून हट्टाला पेटली, मग घाबरली. हे मीही स्वतःला पुष्कळ दिवस ऐकवलं. ठेवा ते बाजूला, मला तुमची कणव नको. हट्टापायी इंजिन गेलं, कबूल. पण खोटं मी हट्टापायी बोलले नाही, भीतीनेही नाही.

सुगंधाला काटा बघावा लागत नसे. ती नुसत्या आवाजावरून सांगायची, आता ओढ पडतेय, आता तापेल. दिवाळीनंतर तिला प्रशिक्षणाला पाठवायचं काकींनी ठरवलं होतं. तिने लर्निंग लायसनही काढलं होतं. त्याआधी एकदा मीच कौतुकाने तिला सीटवर बसवलं, तर बाईने दोन कलमांच्या मधून ट्रॅक्टर एका दमात मागे काढला. मला त्याच जागी तीनदा पुढे-मागे करावं लागायचं. "जमला गो वैनी!" म्हणून ती हसली. मीही हसले. आणि त्यानंतर तिला पुन्हा सीटवर बसवलं नाही.

आज मी बायकांना ट्रॅक्टर शिकवते. गावोगाव बोलावतात. सड्यावर दर दोन फेऱ्यांनी थांबा, कोण हसलं तरी थांबा, असं मी ठणकावून सांगते. हा नियम कुणाचा, ते सांगत नाही. सुगंधा मिरजोळ्याच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून मासळी पॅक करते. सकाळी माझ्या दारावरून बसला जाते. माझ्याकडे बघत नाही, आणि मीही काही मान खाली घालत नाही.

गेल्या महिन्यात गटाला दुसरा ट्रॅक्टर मिळाला. तो कुणी चालवायचा, यावर बैठक बसली. काकी म्हणाल्या, "सुगंधाक इचारूया काय? झाली की आता इतकी वरसा." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला काही बोलायची गरजही नव्हती. नुसती गप्प राहिले असते तरी तिला विचारलं गेलं असतं.

मी म्हटलं, "काकी, पुन्ना तीच जोखीम?"

दुसरं नाव पुढे आलं, लिहिलं गेलं. सुगंधाला विचारलंसुद्धा नाही. ती माझ्याहून चांगला चालवेल. बैठकीत हे ठाऊक असलेली मी एकटीच होते.