आक्कांचं चिनी भूत

आमच्या डब्लिनच्या बेसमेंटमध्ये दोन गोष्टी साठतात. जुने कोट आणि किस्से. कोट एखादवेळेस कुणी मागून नेतं, किस्से मात्र आले की मुक्कामालाच!

ऐंशीच्या दशकात दर शनिवारी दुपारी आमच्याकडे व्हीसीआरवर हिंदी पिक्चर आणि घरोघरच्या डब्यांचं पॉटलक असायचं. एकदा बर्फामुळे कॅसेटी भाड्यानं देणारं इंडियन स्टोअर बंद. मग ह्यांच्या ऑफिसातल्या लिन नावाच्या मित्रानं स्वतःकडची कॅसेट दिली. चिनी! सबटायटल्सही नाहीत. एवढंच कळलं, की एका बाईला कुणीतरी मारलंय आणि ती भूत होऊन सूड घेतेय.

तेव्हा माझ्या सासूबाई, आक्का, साताऱ्याहून आलेल्या आणि रुसलेल्या. "माझं परतीचं तिकीट अलीकडचं करा. नात इंग्लिश बोलते, तुम्ही दोघं कामावर. मी काय भिंतीशी बोलू?" मला त्या जायला नको होत्या. सासू जाऊ नये म्हणून सून रडते, यावर मैत्रिणी खो खो हसल्या. हसेनात का!

*

पिक्चर सुरू झाला आणि आमचे डॉक्टर गोखले ओरडले, "पाय बघा, पाय! उलटे आहेत का?" भुताच्या अंगात पायघोळ झगा. गोखल्यांनी पॉज केलं आणि टॉर्च घेऊन टीव्हीसमोर उकिडवे बसले.

"पाय दिसल्याशिवाय डायग्नोसिस नाही!"

*

तेवढ्यात मागून आक्का बोलल्या, "अहो, बुडवून मारलंय तिला. केस कसे टपटपतायत! त्या मिशीवाल्याचं काम हे."

माझी मीना म्हणाली, "हाउ डू यू नो, आजी?"

"मिशी बघ की त्याची!"

पुढं सगळा पिक्चर आक्कांनीच सांगितला. पोरं त्यांना चिकटून बसली. सोमवारी लिननं सांगितलं, मिशीवाला त्या भुताचा सख्खा भाऊ, मारलं जमीनदारानं.

आक्का म्हणाल्या, "मग पिक्चर काढणाऱ्याचं चुकलं!"

*

गोखले समोरच्याच घरात राहायचे. दिवसभर ऑपरेशनं करणारा माणूस, पण त्या शनिवारी पिक्चर संपल्यावर भर दुपारी दारातून परत आला. "वहिनी, जरा सोडायला येता?"

आक्कांनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून त्यांची दृष्ट काढली आणि सगळं तापल्या तव्यावर टाकलं. स्मोक अलार्म कोकलायला लागला, शेजारी धावत आले.

आक्का खूश! "बघा, केवढी लागली होती!"

*

पुढच्या शनिवारी पोरांनी तोच पिक्चर मागितला. लिन त्याच्या आईला घेऊन आला. तिला ना इंग्लिश, ना मराठी. आक्कांनी सरकून तिला जागा दिली, हातात चकली ठेवली. भुतानं जमीनदाराची मानगूट धरली, तशा दोघी सोफ्यावरून उठून आपापल्या भाषेत ओरडल्या. "सोडू नकोस गं बाई त्याला!" अख्ख्या बेसमेंटनं टाळ्या पिटल्या. मीही शिट्टी मारून घेतली.

नंतर दोघी जिन्यापाशी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. मग आक्का ह्यांना म्हणाल्या, "वसंता, तिकीट राहू दे. हिला थोरल्या मुलाकडं राहायला जायचं नाहीये. तिथं जीव गुदमरतो म्हणते. हिला सोडून मी कशी जाऊ?"

ह्यांनी ते इंग्लिशमध्ये लिनला सांगितलं. तो आईला चिनीत काहीतरी विचारून आमच्याकडे वळला. "पण आई मला हे कधीच बोलली नाही!"

आक्का म्हणाल्या, "मला बोलली की!"