येसाजीची जीभ

श्रीवर्धनच्या अलीकडच्या त्या गावात मातीची परीक्षा जिभेवर व्हायची, आणि ती जीभ येसाजीची असायची. खाडीकाठच्या खाजणात यंदा भात लावायचा की नाही, हे ठरवायला लोक त्याला बांधावर नेत. तो चिमूटभर माती जिभेच्या टोकावर ठेवी, डोळे मिटी आणि थुंकून सांगे, "गोडी हाय," नाहीतर "खारी हाय." त्यावर कुणी ब्र काढत नसे. माणूस तसा तुसडा, पण चाळीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता, म्हणून त्याची ऐट गाव खपवून घेई.

निसर्ग वादळात त्याची पोफळींची वाडी एका दुपारी आडवी झाली. त्याच पावसाळ्यात त्यानं तीनशे रोपं लावली. पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि त्याची अडुसष्टी उलटलेली. तरी म्हणायचा, "पयली सुपारी मी बघूनच जानार."

वाडीची जमीन मात्र नुसती रेती. पाणी घालावं तर खाली पळे, जाताना खतही घेऊन जाई. सून सोनल कृषी खात्याच्या शिबिराला जाऊन आली. "आबा, रेतीत चिकणमाती मिसळली तर ती पानी धरते, खतपन धरते." ते त्याला पटलं, त्याचा आजाही तेच करायचा. घरच्या खाजणातली माती काळी, लोण्यासारखी चिकण होती. वादळात तिथला बांध फुटून भरतीचं पाणी आठ दिवस उभं राहिलं होतं, पण त्यावर दोन पावसाळे गेले होते. "तरी तपासायला पाठवूया," सोनल म्हणाली.

येसाजी उसळला. "माझ्या घरात मातीला कागद लागतो व्हय?"

हातभर खोल खणून काढलेली माती त्यानं जिभेवर ठेवली, आणि त्याला काहीच लागलं नाही. आदल्या वर्षीच्या तापात त्याची चव गेली होती. येईल आज ना उद्या, म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. समोर सोनल आणि त्याची बायको राही टोपल्या घेऊन उभ्या. खारट लागत नाही त्या अर्थी गोडीच असणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली. "गोडी हाय," तो म्हणाला.

दोघी सासू-सुनांनी महिनाभर डोक्यावरून माती वाहिली, आळ्याला दोन टोपल्या. पाणी खरंच टिकू लागलं. पण चैत्रात पानांची टोकं करपली, आणि वैशाखात कोंब नुसता हात लावला की सुटून येऊ लागले. तीनशेतली अकरा रोपं उरली. सोनलनं गुपचूप माती तपासून घेतली, पण कागदावर काय आलं ते सासऱ्याला वाचून दाखवलं नाही, इतकी ती पोर भली. उन्हाळाच कडक होता, असं येसाजी सांगत सुटला.

पुढच्या थंडीत शेजारचा सदा मातीचं ढेकूळ घेऊन अंगणात आला. त्यानंही दोनशे रोपं लावली होती. "काका, खाजनातली हाय. आळ्यात घालू का? तुमी सांगाल तसं."

येसाजीनं ढेकूळ तोंडाशी नेलं. मग हात खाली आला.

"माझी जीभ मेलीय, सदा. तापात गेली. माझी पोफळं मीच मारली. तू माती तपासायला पाठव."

सदा ढेकूळ घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत गावभर होणार, हे येसाजीला ठाऊक होतं. त्याला रडू आलं, आणि ते त्यानं आवरलंही नाही.

दारात राही उभी होती.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "तापानंतर दोनदा कालवनात मीठ घालायचं राह्यलं. तुमी बोटं चाटून जेवलात."

"मग त्या दिशी बोलली का न्हायस?"

"सुनंच्या देखत तुमाला खोटं कसं पाडू?"

सहाशे टोपल्या. त्यातल्या निम्म्या हिनं, त्याची जीभ मेलेली ठाऊक असून, डोक्यावरून वाहिल्या होत्या. त्याला तिच्यावर ओरडायचं होतं, पण तो एवढंच म्हणाला,

"अगं, निदान तू तरी चाखायची माती."

राहीनं पदर तोंडाला लावला. "चाखली असती तर बोलावं लागलं असतं."