रमेनबाबूंचं दुकान

वाडगा समोर ठेवला की काकू कमरेवर हात ठेवून तिथेच उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आधी प्या, मग बोला."

बहुतेकांना आधी बोलायचं असायचं. शेवया एवढ्या लांब का, पाणी एवढं का, यात कांदा आहे का, आणि असला तर तो कुठल्या वारी नसतो. तुम्हीही कधी परगावच्या मराठी मंडळींत राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, आपल्या माणसाला जेवणाआधी चौकशी लागते आणि जेवणानंतर अभिप्राय. काकूंना दोन्हींचं वावडं होतं, आणि तरी त्यांनी खानावळ काढली होती.

मी बँकेतला नवा अधिकारी, बदली होऊन कलकत्त्याला आलो तो सत्तरच्या आसपास. भवानीपूरच्या एका गल्लीत खोली मिळाली आणि समोरच्याच घराच्या तळमजल्यावर काकूंची ती तीन बाकांची खानावळ होती. काकू कलकत्त्यातच वाढलेल्या. वडील बजबजच्या ताग गिरणीत हेडक्लार्क. लग्न झालं कापडाच्या व्यापारातल्या माणसाशी, आणि त्याच्यामागून त्या जपानात कोबेला गेल्या. मासळीच्या देशात पंधरा वर्षं शाकाहारी राहिल्या. तिथल्या एका देवळातल्या भिक्षुणीने त्यांना समुद्री शेवाळ, सुकवलेल्या अळंब्या आणि आंबवलेलं सोयाबीन यांचं रामेन शिकवलं. रामेन म्हणजे रश्श्यातल्या लांब शेवया, वाडग्यातून खायच्या.

नवरा गेल्यावर त्या परत आल्या. भावाने मोठ्या मनाने सांगितलं, माझ्याकडे राहा, नाहीतरी आम्हाला स्वयंपाकाला बाई हवीच आहे. काकूंनी तितक्याच मोठ्या मनाने नकार दिला आणि वडिलांनी त्यांच्या नावे केलेल्या या घरात चूल पेटवली.

बोर्ड रंगवणाऱ्याने 'रामेन' हा शब्द कधी ऐकला नव्हता. त्याने आपल्या परीने चूक सुधारून बंगालीत 'रमेन' लिहिलं, कारण त्या नावाचे चार जण त्याच्या ओळखीचेच होते. मग लोक दारात येऊन विचारायला लागले, "रमेनबाबू आछेन?"

"आछेन," काकू म्हणायच्या. "फुटछेन." म्हणजे आहेत, उकळताहेत. दुर्गापूजेचं आमंत्रणसुद्धा श्रीयुत रमेन यांच्या नावे यायचं. काकू ते पातेल्याला टेकवून ठेवायच्या.

पहिलं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे शेजारचे निवृत्त शिक्षक. गल्लीत सगळे त्यांना मास्टरमशाय म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी वाडगा तळापर्यंत ढवळून पाहिला आणि हळूच विचारलं, "मासा कुठे आहे?"

"नदीत," काकू म्हणाल्या.

मास्टरमशायनी वर न बघता वाडगा संपवला आणि दुसऱ्या दिवशी आपली उशी घेऊन आले, बाक टणक होतं म्हणून.

शेवया फुर्र आवाज करून ओढायच्या, असा काकूंचा दंडक होता. तिथल्या मराठी मंडळातल्या अधिकाऱ्यांच्या बायका पदर तोंडाला लावून एकेक शेवई आत घेत. काकू त्यांच्याकडे बघून म्हणायच्या, "वहिनी, शेवई आहे ती, थर्मामीटर नाही."

मी रोज जायचो. मला स्वयंपाक येत नव्हता, आणि काकूंचं तोंड मला आवडायचं, कारण माझंही तसंच होतं. फरक एवढाच की त्या समोर बोलायच्या.

त्या वर्षी गणपतीत मंडळाच्या फराळाला विषय निघाला, काकूंच्या रश्श्याला एवढी चव येते कशी. मी म्हणालो, "हाडं घालत असतील. पण बोकडाची. बोकड शुद्ध शाकाहारी असतो." लोक हसले. अध्यक्षांना ठसका लागला. मला फार बरं वाटलं.

अध्यक्ष बेहाल्याला राहायचे. तो विनोद बेहाल्याला पोचेपर्यंत विनोद राहिला नव्हता. हावड्याला पोचला तेव्हा कुणीतरी ती हाडं डोळ्यांनी पाहिली होती. आठ दिवसांत मराठी कुटुंबं यायची थांबली, पंधरा दिवसांत गुजराती व्यापारी. बाकांवर मास्टरमशाय, त्यांची उशी आणि मी एवढेच उरलो. काकू पूर्वीइतकंच मोठं पातेलं चढवायच्या आणि संध्याकाळी उरलेलं घाटाजवळच्या भिकाऱ्यांना वाटून यायच्या. मी रोज माझा वाडगा संपवून गप्प उठायचो. बँकेत मी धाडसी अधिकारी म्हणून प्रसिद्ध होतो.

शेवटी मंडळाने सत्यशोधन करायचं ठरवलं. अध्यक्ष दोन सभासदांना घेऊन एका रविवारी सकाळी दहाला आले. काकूंनी चुलीशेजारी तीन स्टुलं मांडून ठेवली होती. कलकत्त्याचा भाद्रपद आणि समोर दगडी कोळशाची चूल. शेवाळ, अळंब्या, मुळा, आलं, प्रत्येक जिन्नस त्यांनी अध्यक्षांच्या हाताने पातेल्यात टाकायला लावला. दोन वाजेपर्यंत तिघांना हलू दिलं नाही. अध्यक्षांचा सदरा अंगाला चिकटला होता. पळीभर रस्सा चाखून ते म्हणाले, "निर्दोष आहे. आमचं समाधान झालं."

"आभारी आहे," काकू म्हणाल्या. "आता आपापल्या घरी जाऊन जेवा."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, 'मराठी मंडळींसाठी बंद'. ती फक्त मराठीत होती, ज्यांच्यासाठी होती त्यांनाच कळावी म्हणून. मी संध्याकाळी येऊन पाटीसमोर थांबलो.

"बाहेर का उभे?" काकूंनी आतून विचारलं.

"पाटी आहे."

"ती सभ्य लोकांसाठी आहे. तुम्ही आत या."

मी आत जाऊन बसलो. वाडगा आला. पहिल्यांदाच मी आधी बोललो. म्हणालो, "काकू, ते बोकडाचं मी बोललो होतो."

"माहीत आहे. मंडळात इतका बरा विनोद दुसऱ्या कुणाला सुचतो?"

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

त्यांनी पळी खाली ठेवली. "मी काय बोलणार? बोलायचं तुम्हाला होतं. महिनाभर तुम्ही इथे बसून जेवलात. मी रोज वाट बघत होते, आज तरी घास अडकेल म्हणून."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मास्टरमशायना मराठी येत नव्हतं, पण ते उठले आणि आपली उशी घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मंडळाच्या पुढच्या सभेत मी उभा राहून सगळं सांगितलं. मला वाटलं, लोक संतापतील. अध्यक्ष म्हणाले, "अहो, विनोदच होता ना? मग सोडून द्या." सगळे हसले आणि कोजागिरीच्या दुधाचा विषय सुरू झाला. काकूंची माफी मागायला कुणी गेलं नाही. उलट पाटीबद्दल निषेधाचा ठराव झाला, एकमताने. एक मत माझं कमी होतं, ते मोजलं नाही.

पण त्याच आठवड्यात अध्यक्षांची कॉलेजात जाणारी मुलगी खानावळीत आली. काकूंनी पाटीकडे बोट केलं.

"मला देवनागरी नीट वाचता येत नाही," ती म्हणाली. "मी इथेच वाढले ना."

काकूंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि वाडगा भरला. पुढच्या महिन्याभरात मराठी वाचता न येणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की मंडळाच्या वाचनालयाला काळजी वाटावी. त्यात अध्यक्षांच्या पत्नीही होत्या. पाटी काकूंनी शेवटपर्यंत काढली नाही.

दोन वर्षांनी माझी नागपूरला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "नागपूरला तिखट खातात. जपून बोला." पत्र टाकीन म्हणालो. टाकलं नाही.

सहा वर्षांनी बँकेच्या कामासाठी कलकत्त्याला आलो तेव्हा तळमजल्यावर होमिओपॅथीचा दवाखाना होता. मास्टरमशाय शेजारच्या ओट्यावर उन्हात बसले होते. त्यांनी मला ओळखलं. काकू हिवाळ्याच्या सुरुवातीला गेल्या होत्या. त्याआधी चार महिने त्यांना उठता येत नव्हतं. त्या वरच्या खोलीतून ओरडून सांगायच्या आणि मास्टरमशाय खाली चुलीपाशी ऐकून तसं करायचे. जन्मभर मासे खाल्लेला तो म्हातारा रोज शेवाळ भिजवायचा आणि वाडगा घेऊन जिना चढायचा.

"जमायचं तुम्हाला?" मी विचारलं.

"छे. रोज काहीतरी चुकायचं. मीठ कमी, आलं जास्त, शेवया गाळ. रोज बोलणी खायचो." त्यांनी ओट्यावरची उशी सारखी केली. "एक दिवस दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, आज छान झालंय. मी तसाच अनवाणी डॉक्टरांना आणायला धावलो."