छत्तीस चौकटींतला मासा

पन्नासच्या दशकात मी मार्कंड्याजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. पंचक्रोशीत चित्रातलं कळणारा मीच एक, असा माझा तोरा होता. त्या तोऱ्याची मला आजही लाज वाटते.

कलाशाळेतल्या माझ्या मित्रानं मुंबईहून एक चित्र पाठवलं. लाकडावर कोरून, काळी शाई लावून छापलेलं. छत्तीस चौकटी आणि प्रत्येकीत काहीतरी वेगळंच: मासा, शिडी, सूप, बैलाचा डोळा, फणी. सोबत चिठ्ठी होती, 'खरं सांग. हे करत राहू की सोडून देऊ? तू म्हणशील तसं.'

मी धड पाहिलंही नाही. लिहून टाकलं, 'बोहारणीचं गाठोडं सुटलंय. सोड हा नाद.' स्वतःच्या वाक्यावर एवढा खूश झालो की पाकीट बंद करण्याआधी ते शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. सगळे हसले. चित्र मी भिंतीतली भेग झाकायला चिकटवलं.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारचे म्हातारे भाऊ मासोळी द्यायला आले. वैनगंगेत जाळं टाकणारं त्यांचं घर. जाळं वाळलं की ते एका कडेपासून ओळीनं बोट फिरवत जात, कुठे दोरा तुटलाय ते बघत. भिंतीवरच्या चित्रावरही त्यांनी तसंच बोट फिरवलं, आणि खुदकन हसले.

"गुरुजी, हे मासोळी वरच्या ओळीत अख्खी हाये. खाली शिडीच्या मांगं गेली, नुसतं शेपूट दिसून राह्यलं. इथी फणीत अडकली. आन् शेवटच्या घरात पाणीच पाणी. सुटली नं! तुमाले दिसली नाई काय?"

"दिसली ना भाऊ," मी म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्याच दिवशी मित्राला लिहिलं, 'माझं चुकलं. चित्र सुंदर आहे. मासा कसा निसटतो ते आता पाहिलं. तू हे सोडू नकोस.'

उत्तर आलं, 'मासा कुणालाच दिसला नव्हता. शेवटी तुझीच नजर कामी आली, फार बरं वाटलं. पण तुझ्या पहिल्या पत्रानंतर मी हत्यारं विकली. ठशाचं लाकूड चांगलं होतं, तासून गोल कापलं आणि आईला पोळपाट करून दिला.'

भाऊंबद्दल मी पत्रात अक्षरही लिहिलं नव्हतं. नंतरही कधी लिहिलं नाही.