परत आलेल्या गोळ्या

त्या गोळीचं नाव मला आधी धड वाचताही येत नव्हतं. तीस वर्षं शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या, कसलंही गिचमिड अक्षर लागतं मला, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं ते लांबलचक नाव काही केल्या जिभेवर बसेना. पुढच्या चार दिवसांत मात्र असं पाठ झालं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पोसाकोनाझोल. अजूनही एखाद्या मेडिकलवरून जाताना ते आपोआप ओठांवर येतं आणि अंगावर काटा येतो.

करोनाची दुसरी लाट ओसरत होती. आमचे हे त्यातून उठले, आणि आता सुटलो म्हणेपर्यंत गाल सुजला, टाळू काळी पडली. काळी बुरशी. ऑपरेशन झालं, डावा डोळा काढावा लागला, इंजेक्शनं झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता रोज तीन गोळ्या, जेवणावर. एक दिवसही खंड पडता कामा नये. आत थोडी जरी बुरशी उरली असली तरी ती उजव्या डोळ्याकडे जाईल, नाहीतर मेंदूत." हातावर चार दिवसांच्या गोळ्या ठेवल्या आणि म्हणाले, पुढच्या बाहेरून घ्या. बाहेरून! जसं काही बाहेर गवारीच्या शेंगांसारखे ढीग लावून ठेवलेत.

काचीगुड्याला आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी घेतली, वाचली आणि चटका बसल्यासारखी परत दिली. "लेदम्मा." स्टेशनसमोरचा म्हणाला, "नै है." सुलतान बाजारात एकानं तर मान वर न करता नुसता हात हलवला. मी म्हटलं, "अरे बाबा, तोंडानं नाही म्हणायला तुझं काय जातं?" मराठीतच म्हटलं. जन्म हैदराबादेत गेला, पण खरा राग आला की मला पहिल्यांदा मराठीच फुटते. त्यानं तेव्हा मान वर केली. औषध नाहीच मिळालं.

कोठीला मात्र आमचं एक जुनं दुकान आहे, माझ्या सासऱ्यांच्या वेळचं. मालक सत्तरीचे, मला टीचरम्मा म्हणतात. त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि काउंटरच्या आतून एकदम हळू बोलले. "टीचरम्मा, कंपनी से माल आताच नै. आया तो रिटर्न का आता."

"रिटर्न म्हणजे?"

"पेशंट को जरूरत नै रही तो घरवाले वापस लाते."

"म्हणजे बरे झालेले?" मी आपलं भाबडेपणानं विचारलं.

ते चष्मा काढून पुसत बसले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी तिथल्या लाकडी बाकावर बसले.

दुकानाचा नेम ठरलेला होता. कुणाच्या घरून बिलासकट न फोडलेल्या पट्ट्या परत आल्या की त्या वेळी बाकावर जो बसलेला असेल त्याला मिळणार. नावं लिहून ठेवणं नाही, वशिला नाही. फक्त मूळ चिठ्ठी हवी, आणि पेशंटच्या आधारकार्डाची झेरॉक्स, तीवर आपला फोन नंबर लिहून. कागद पुरे असले पाहिजेत. मला ते पटलं. म्हटलं, चला, इथे तरी न्याय आहे.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस होता. पन्नाशीचा, सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडायचं काम करणारा. त्याची बायको दवाखान्यात होती, दुखणं हेच. दोन दिवस आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत शेजारी बसलो. तो थर्मासमधून चहा आणायचा आणि मला न विचारता कागदी कपात ओतून पुढे करायचा. "लो अम्मा." बायकोबद्दल सांगायचा. ती खट्टी दाल अशी करते की खाताना माणूस भांडण विसरतो, आणि मग जेवण झाल्यावर तीच भांडणाची आठवण करून देते. मी हसले. दोघंही हसलो. दाराकडे लक्ष ठेवून हसत होतो, कारण दारातून कुणी रडवेला माणूस पिशवी घेऊन येतो का, हेच तर आम्ही पाहत होतो. एवढं कळत होतं मला. कळूनही पाहत होते.

तिसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "टीचरम्मा, ये झेरॉक्स धुंधला है, दूसरा लाओ." दोन दुकानं सोडून झेरॉक्सवाला. मी गेले आणि पाच मिनिटांत परत आले, तर त्या माणसाच्या हातात दोन पट्ट्या. त्या पाच मिनिटांत कुणीतरी येऊन परत करून गेलं होतं.

माझं टाळकंच सटकलं. सगळी कोठी गोळा होईल एवढ्या आवाजात मी बोलले. मालकांना बोलले, त्याला बोलले, चहा पाजून गाफील ठेवलं मला असंसुद्धा बोलले. तो उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "अम्मा, एक पत्ता आप लो, एक मैं लेतूं." मालकांनीही मान हलवली. आणि मी काय म्हणावं? "नक्को! खैरात नक्को मेरेको. रखो तुम्हारे पास, पेट भर के खिलाओ बीवी को!"

आणि निघून आले. रिक्षात बसल्याबरोबर कळलं की आपण काय करून बसलो. दहा गोळ्या होत्या त्या. ह्यांचे तीन दिवस. रिक्षा वळवायला एक शब्द पुरला असता, पण माझं नाक आडवं आलं. मूर्ख बाई! स्वतःचा नवरा पणाला लावून तोरा मिरवत होते.

घरी उद्यापुरत्या तीन गोळ्या शिल्लक होत्या. ह्यांनी विचारलं, "मिळाल्या का गं?"

"येणारेत," मी म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला आणि दहीभात खाल्ला. मी पुढ्यात बसून त्यांच्या उजव्या डोळ्याकडे बघत होते. तो लालसर वाटला, मग नाही वाटला, मग पुन्हा वाटला.

तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावला. हात जोडले आणि मनात आलं. आलं म्हणजे काय, मीच आणलं. त्याची बायको तशीही वाचायची नाही, तो स्वतःच म्हणाला होता की डॉक्टर काही बोलत नाहीत. ती गेली तर त्या पट्ट्या परत येतील. एवढ्यावर मी थांबू शकले असते. माणसाच्या मनात काय काय येतं, झटकून टाकायचं असतं. मी झटकलं नाही. डोळे मिटून, अगदी रोजच्यासारखी प्रार्थना करावी तशी मी म्हटलं, जायचीच असेल तर लवकर जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मालकांचा फोन आला. "टीचरम्मा, रिटर्न आया. जल्दी आओ."

मी घरातल्या सपाता घालूनच धावले. रिक्षात मला नुसता आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. दुकानात शिरले तर काउंटरपाशी तोच उभा. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मालक म्हणाले, "इनोच बोले, पहले वो झगड़े वाली अम्मा को फोन करो." काउंटरवर एक पट्टी अख्खी होती, दुसरीतल्या तीन गोळ्या गेलेल्या. फोडलेली पट्टी ते दुकान कधी घेत नाही. त्या दिवशी घेतली.

मी आधी गोळ्यांकडे पाहिलं. मोजल्या. सतरा. मग त्याच्याकडे पाहिलं.

त्या सतरा गोळ्यांवर पुढचा माल येईपर्यंत निभावलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचला डोळा. हे आज एका डोळ्यानं पेपर वाचतात आणि त्यातल्या प्रत्येकाला नावं ठेवतात. आल्यागेल्याला मी ही गोष्ट सांगते, पण त्या माणसाचं मन किती मोठं एवढ्यावरच थांबते. सगळे म्हणतात, अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. हेही म्हणतात. सुलतान बाजारात साडी घ्यायला मी त्यानंतर गेलेले नाही. भाचीच्या लग्नातही दुसरीकडून घेतल्या.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी काउंटरपाशी मी त्याला कसंबसं विचारलं, "कब?"

"कल शाम को. चिरागां लगाने का टैम था."

माफी मागायच्या ऐवजी मी पदर तोंडाला लावला. त्याला वाटलं मला रडू येतंय. तो म्हणाला, "खाने के साथ देना अम्मा, खाली पेट नक्को." मग दोन पावलं जाऊन परत वळला. "आप भी उसके वास्ते दुआ मांगे होंगे, मेरेकू मालूम. साहब अच्छे हो जाते. आप जैसों की ऊपरवाला जरूर सुनता."

ऐकलं होतं त्यानं.