आयसिंग वेगळ्या डब्यात

केकवर काय लावायचं, हा प्रश्न दर उन्हाळ्यात मला कोणी ना कोणी विचारायचं आणि मी त्याचं उत्तर उभ्या उभ्या देऊन टाकायचे. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीत मी मुलींचे वर्ग घेत असे. केक, आइस्क्रीम, टोमॅटो सॉस, जॅम. झाकणाला काचेची खिडकी असलेला गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन, एक वजनकाटा आणि आयसिंगच्या काही नळ्या, एवढं माझं भांडवल. पहिल्याच दिवशी मी मुलींना सांगायचे, "जळगावात मे महिन्यात आयसिंग शिकायचं. लावायचं डिसेंबरात." मुली हसायच्या. मी विनोद करत नव्हते. दुपारी ओट्यावर ठेवलेलं लोणी वाटीत तेल होऊन बसायचं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, एका मे महिन्यात, हाच प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीने विचारला. त्या वेळी मात्र मला पूर्ण आठवडा लागला.

ती धुळ्याला एका प्रसूतिगृहात आडवी होती. कॉटच्या पायांकडच्या बाजूला विटा घालून ती बाजू उंच केलेली. गर्भ टिकावा म्हणून टाका घातला होता आणि उठून बसायलाही बंदी होती. आधीच्या दोन खेपा अर्ध्यावर गेल्या होत्या. ही तिसरी. सातवा महिना लागला होता, इतकी मजल याआधी कधी गेली नव्हती.

दर रविवारी मी सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला जात असे आणि संध्याकाळी परत येत असे. तिच्यापाशी तिच्या सासूबाई असायच्या. त्यांना सगळेच अक्का म्हणत. धुळ्याजवळच्या खेड्यातल्या, जन्मभर शेतात राबलेल्या. त्या कॉटशेजारी फरशीवर चटई टाकून झोपायच्या. सुनेचं भांडं स्वतः उचलायच्या, तिचं अंग पुसायच्या, आयाला जवळ येऊ द्यायच्या नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून त्यांच्याविषयी गैरसमज व्हायला नको.

पहिल्या खेपेला अक्कांनी पाचव्या महिन्यातच थाटात ओटी भरली होती. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, सगळे भाऊबंद जेवायला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते मूल गेलं. दुसऱ्या खेपेला फक्त हिरव्या बांगड्या भरल्या. तेही गेलं. म्हणून या वेळी त्यांनी ठरवलं होतं की काहीच करायचं नाही. बांगडी नाही, गजरा नाही, फोटो नाही. नाव काय ठेवायचं हे बोलायचंसुद्धा नाही. वॉर्डात कोणी चौकशी केली तर अक्का म्हणायच्या, "पोट दुखस तिन्हं." सात महिन्यांचं पोट समोर दिसत असताना!

समोरच्या कॉटवर एक बाई होती. एका रविवारी तिच्या माहेरच्यांनी तिथेच तिची ओटी भरली. दवाखान्यात जेवढं जमेल तेवढं. केसांत मोगरा, मांडीवर नारळ, कॉटभोवती बायका. बहीण मान वळवून सगळं बघत होती. अक्का पातेलं घासायला नळावर गेल्या, तशी ती म्हणाली, "ताई, मला डोहाळे लागलेत."

"सांग."

"आपला मसाल्याचा केक."

लग्नाआधी कॉलेजसाठी ती माझ्याकडे राहायची आणि वर्गात हाताखाली मदत करायची. मसाल्याचा केक तिचा लाडका. गुळाचा, तांबूस, दालचिनी, लवंग, जायफळ आणि सुंठ कुटून घातलेला. वर्गातल्या मुली नाकं मुरडायच्या, त्यांना गुलाबी केक हवा असायचा. ही आवडीने उरलेलं संपवायची.

"आणते पुढच्या रविवारी," मी म्हटलं.

"आयसिंग लावून."

"या उन्हात?"

"पांढरं. जाड. वर चमच्याने लाटा काढतेस ना, तशा काढ. फूल नको, नाव नको. अक्कांना कळणारपण नाही. त्यांना वाटेल केक असाच असतो."

"मग मुद्दा काय?"

"मला कळेल ना." ती हसली. "अगं, लोणच्याच्या बरणीसारखं जपतायत मला. हलवायचं नाही, उघडायचं नाही. पण बरणीलासुद्धा वर स्वच्छ फडकं बांधतात."

निघताना डॉक्टरीणबाईंना गाठून मसाल्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "थोडं घाला. खाऊ दे तिला." लवंग आणि जायफळ निम्म्यावर आणायचं मी तिथेच ठरवलं. केकचं काम सोपं होतं. अवघड होतं ते वरचं.

सोमवारी दुपारी मी गॅलरीत चार वाट्या मांडल्या आणि वर जाळीचं झाकण ठेवलं. एकीत लोणी आणि पिठीसाखर, दुसरीत वनस्पती तूप आणि पिठीसाखर, तिसरीत चक्का आणि साखर, चौथीत लिंबाच्या रसात कालवलेली नुसती साखर. धुळ्यापर्यंतचा प्रवास मी गॅलरीत करून बघत होते. लोणी पहिल्यांदा गेलं, साखर तळाशी आणि वर पिवळं तेल. चक्क्याला पाणी सुटलं आणि आंबट वास यायला लागला. वनस्पती तुपाचं आयसिंग उभं राहिलं, पण खाल्लं तर टाळूला मेण चिकटावं तसं चिकटत होतं, आणि आजारी माणसाला ते द्यायची माझी तयारी नव्हती. लिंबाची साखर मात्र वाळून खडखडीत झाली. तिला ऊन बाधणार नव्हतं. पण ती पातळ, काचेसारखी. त्यात चमच्याच्या लाटा कुठून येणार?

अंड्याच्या पांढऱ्याचं आयसिंग उन्हात टिकतं, हे मला माहीत होतं. पण अक्कांकडे अंडं चालत नव्हतं आणि कच्चं अंडं मीही तिला दिलं नसतं.

आमच्या घरात या प्रयोगाची थट्टा झाली. माझे यजमान ऑफिसातून आले, वाट्या बघून म्हणाले, "कावळ्यांना बोलावलंय का?" मी म्हटलं, "हो, तुम्ही आलात." पण रात्री जेवताना त्यांनीच उपाय सांगितला. केकवर लावून कशाला नेतेस? वेगळं ने, बर्फात ठेवून, तिथे लाव. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, कारण मी केक मनात पूर्ण सजवूनच बघत होते.

शनिवारी दुपारी केक भाजला. संध्याकाळी व्होल्टेज पडायचं आणि केक मधोमध बसायचा, म्हणून दुपारची वेळ. दही, सोडा, गूळ, मैदा. घरभर वास सुटला. पहाटे लोणी फेटलं, साखर चाळून घातली, मिठाचा कण टाकला. स्टीलच्या छोट्या डब्यात ते भरून, डबा बर्फ-पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या जगमध्ये बसवला. केक गोल डब्यात, पंच्यात बांधून मांडीवर.

गाडीत कंडक्टर तिकीट फाडताना थबकला. "बाई, मसाला कांडून चालल्या का?"

"केक आहे."

"केकला असा वास?"

मागच्या सीटवरून एक बाई म्हणाल्या, "दालचिनी शे व ती. रस्सा घरच ऱ्हायी गया का?" बस हसली. मीही हसले. एरंडोलला बर्फ हलवून पाहिला, पारोळ्याला पाहिला. धुळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा जगमध्ये पाणी जास्त होतं, पण डबा गार होता. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

वॉर्डात पंखा फिरत होता आणि बहीण डोळे मिटून पडली होती. मी डबा उघडला तर डोळे न उघडताच म्हणाली, "लवंग कमी घातलीस."

"डॉक्टरांनी सांगितलं."

"चालेल. आणि दुसरं?"

अक्का पुढे आल्या. डब्यात वाकून बघितलं. "हाई काय शे?"

"केक आहे, अक्का. गूळ, मैदा, दही. अंडं नाही."

"मंग खाऊ दे. तिले आवडस." त्यांनी स्वतःच ताटली पुसून दिली. मग त्यांची नजर जगमधून काढलेल्या डब्याकडे गेली. "आनि हाई पांढरं?"

"लोणी-साखर," बहीण घाईने म्हणाली.

"लोनी-साखर कसाले?"

"वरून लावायचं असतं," मी म्हटलं. हातात सुरी होती. डबा उघडा होता आणि लोणी अजून घट्ट होतं, अगदी हवं तसं. दहा मिनिटं उशीर झाला असता तर ते गेलं असतं.

अक्का काही वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग सुनेकडे पाहिलं. त्या भोळ्या नव्हत्या. "डॉक्टरना पोऱ्याना वाढदिवसले व्हतं हाई. आठेच, ह्या वॉर्डमा कापं व्हतं. वर पांढरं लावतस, मंग टाळ्या वाजाडतस."

बहिणीने नजर पंख्याकडे वळवली.

"बाई," अक्का मला म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या सुरीच्या हातावर हात ठेवला, "केक खाऊ दे तिले. वर काही लावू नको. बठ्ठं नीट व्हई जाऊ दे, मंग तू सात थरना लाव. मी सोता टाळ्या वाजाडसू."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. हात मात्र त्यांनी काढला नाही. बहिणीचा नवराही त्या रविवारी आला होता, कॉटच्या पायाशी उभा होता. तो चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेला.

मी माणसांशी वाद घालते, अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी घातला नाही. काय म्हणणार होते? हे खोटं आहे, लोण्याने काही होत नाही? ते मला माहीत होतं. पण दोनदा काय झालं होतं, तेही मला माहीत होतं. आणि मी माहेरची. मूल त्यांच्या घरचं. लावलं असतं आणि काही झालं असतं, तर माझ्या बहिणीला त्या घरात जन्मभर ते ऐकावं लागलं असतं. मी सुरी खाली ठेवली.

"राहू दे, ताई," बहीण म्हणाली. तिने तोंड भिंतीकडे केलं नाही, रडली नाही. तशी ती नव्हती. केकचे दोन तुकडे खाल्ले, आडव्यानेच, उशीवर चुरा सांडत.

अक्कांना वाईट वाटलं असावं. त्यांनी डब्यातलं चमचाभर आयसिंग घेतलं आणि तिच्या तोंडाशी नेलं. "नुसतं खाय ना. लोनी चांगलं ऱ्हास."

"नुसतं नको," ती म्हणाली.

अक्का चमचा धरून उभ्या राहिल्या. चमच्यावरचं लोणी कडेने सुटायला लागलं, तेव्हा त्यांनी तो परत डब्यात टेकवला. दुपारपर्यंत ते सगळं पातळ झालं. मी ते आयाला दिलं. पोळीशी खा म्हटलं.

पुढचा रविवार यायच्या आत शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. मी आणि यजमान मिळेल त्या गाडीने गेलो. आम्ही पोहोचण्याआधीच सगळं आटोपलं होतं. मुलगी होती. थोडा वेळ श्वास घेत होती, असं नर्स म्हणाली. तेव्हा धुळ्यात इतक्या लहान बाळासाठी फार काही करता येत नसे. जे होतं ते त्यांनी केलं.

अक्का पॅसेजमध्ये भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी पदर सरकवून मला जागा दिली. मग म्हणाल्या, "बाई, यावेळे मी तं काहीच करं नही. हिरवं सूतबी लागू दिधं नही तिले. मंग कसं व्हयनं?"

त्या खरंच विचारत होत्या. माझ्याकडे बघत होत्या, शिकलेली बाई काहीतरी सांगेल म्हणून. मी त्यांना चहा आणून दिला. त्यांनी कप हातात धरला, पण चहा प्यायला नाही.

आत बहिणीची कॉट सपाट केली होती. विटा काढून भिंतीपाशी रचल्या होत्या. ती पहिल्यांदा उशीला टेकून बसली होती आणि एवढ्या महिन्यांनी तिला बसलेलं बघून मला क्षणभर बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. तिचे केस मागून चटईसारखे झाले होते. मी फणी काढली आणि खालच्या टोकापासून गुंता सोडवायला लागले.

"दुखतंय का?"

"नाही."

पॅसेजमध्ये कोणीतरी बादली ओढत होतं.

"ताई, ते पांढरं लावलं असतं तरी चाललं असतं गं," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. "पोरीचं तेवढंच कौतुक झालं असतं."

मी फणी चालवत राहिले. मानेजवळ एक गाठ होती, ती तेल लावूनही सुटेना. नर्सकडून कात्री मागून आणली. गाठ कापली आणि ते केस कागदात गुंडाळून पिशवीत टाकले. वेणी घालून झाली तरी ती तशीच पाठ करून बसून राहिली, म्हणून मी वेणी सोडली आणि पुन्हा घातली.